वीजकामाची उमेदवारी आणि बीजगणित

विजेचें काम शिकूं इच्छिणाऱ्या तरुणाची परीक्षा घ्यावयाची म्हटलें, म्हणजे तारा कशा जोडाव्या, फ्यूज कां जळतो, धक्का बसल्यास काय करावें, असलेच प्रश्न विचारले जात असतील अशी कोणाचीहि समजूत होईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ह्या उमेदवारीसाठीं जी योग्यता-चाचणी द्यावी लागते, तींत मात्र विजेचें ज्ञान अपेक्षितच नसतें. तींत बीजगणित असतें आणि वाचलेलें समजतें कीं नाहीं ह्याची पारख असते. त्यामुळें तारा, पक्कड आणि पेचकस ह्यांत लहानपणापासून रमलेला मुलगा तेथें अडखळतो, आणि ज्यानें कधीं दिव्याचें बटणहि उघडून पाहिलें नाहीं असा एखादा सहज पार पडतो.

ही उमेदवारी चालविणारे पक्ष दोन आहेत. १८९१ सालीं सेंट लुई येथें स्थापन झालेला ‘इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ इलेक्ट्रिकल वर्कर्स’ हा कामगारांचा संघ, आणि १९०१ सालची ‘नॅशनल इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर्स असोसिएशन’ ही ठेकेदारांची संस्था. दोघांनीं मिळून १९४१ सालीं शिक्षणासाठीं एक सामाईक संस्था काढली; २०१४ पासून तिला ‘इलेक्ट्रिकल ट्रेनिंग अलायन्स’ म्हणतात. इमारतींतील वीजकामाची उमेदवारी साधारणतः पांच वर्षांची असते. तींत सुमारें ८,००० तास प्रत्यक्ष काम आणि त्याच्या जोडीला वर्गांतील शिक्षण. शिकत असतांनाच पगार मिळतो, म्हणून कर्ज काढून महाविद्यालयांत जाणें ज्यांना परवडत नाहीं, त्यांना हा मार्ग मोठा आधार वाटतो. चाचणीचे गुण १ ते ९ ह्या श्रेणींत देतात. ४ मिळाले तर मुलाखतीचें दार उघडतें. न मिळाल्यास पुन्हा बसण्यासाठीं सामान्यतः सहा महिने थांबावें लागतें. शाळा सोडून आठ-दहा वर्षें झालेल्या, कोठें तरी गुदामांत हमाली करून संसार चालविणाऱ्या माणसाला हे सहा महिने म्हणजे थोडे नव्हेत.

वायरमनला बीजगणित कशाला हवें, ही तक्रार मग साहजिकच होते. तिचें उत्तर एका साध्या शेगडींत सांपडतें. अमेरिकेंतील घरांत विजेचा दाब १२० व्होल्ट असतो. १,५०० वॅटची विजेची शेगडी तेथें लावली तर प्रवाह किती वाहील? वॅटला व्होल्टनें भागलें कीं १२॥ अँपियर येतात. मंडल १५ अँपियरचें असेल तर काम निभेल असें वाटतें. परंतु त्या देशाच्या वीजजोडणीच्या नियमावलींत, जी १८९७ सालीं प्रथम निघाली आणि दर तीन वर्षांनीं सुधारली जाते, असें सांगितलें आहे कीं सतत चालणारा भार असेल तर मंडलाची क्षमता त्याच्या सव्वापट धरावी. १२॥ ची सव्वापट १५ च्या वर जाते. आतां ‘सतत’ म्हणजे काय? तीन तास किंवा अधिक, अशी व्याख्या त्याच नियमावलींत दिलेली आहे. म्हणजे पांच मिनिटें हात शेकण्यास जी जोडणी चालेल, ती रात्रभर खोली ऊब देण्यास चालणार नाहीं. पहिली गोष्ट गणितानें कळली, दुसरी वाचनानें. आणि एकीची चूक झाली तर भिंतींतील तार तापत राहते. परीक्षकांनीं हे दोन विषय निवडले त्यांत विक्षिप्तपणा मुळींच नाहीं.

चाचणीच्या पुष्कळ वर्षें रूढ असलेल्या स्वरूपांत गणिताच्या ३३ प्रश्नांना ४६ मिनिटें आणि वाचनाच्या ३६ प्रश्नांना ५१ मिनिटें मिळतात. दर प्रश्नास दीड मिनिटहि पुरतें पडत नाहीं. गणनयंत्र जवळ बाळगूं देत नाहींत. तेव्हां तयारीचा आरंभ पाढ्यांपासून आणि अपूर्णांकांपासून करावा लागतो, ह्यांत कोणीं लाज मानूं नये. सात अष्टमांशांतून दोन तृतीयांश वजा करतांना ज्याचा हात थबकतो, त्याला समीकरण येत असूनहि वेळ पुरत नाहीं.

समीकरणांत बहुतेकांचा पाय घसरतो तो कंसापाशीं. ३(क्ष − ४) = २क्ष + ७ हें उदाहरण घ्यावें. घाईंत तीननें केवळ क्ष ला गुणतात, चार तसाच ठेवतात, आणि उत्तर ११ येतें. शाळामास्तरांना ही चूक नवी नाहीं. दरसाल नव्या वर्गांत ती नव्यानें जन्मास येते. पर्याय देणारे परीक्षकहि ती ओळखून असतात, म्हणून ११ हा आंकडा पर्यायांत हटकून ठेवलेला असावा असें समजून चालावें. खरें उत्तर १९. तें समीकरणांत घालून पाहावें: डावीकडे १५ तिपटी ४५, उजवीकडे ३८ अधिक ७, तेहि ४५. ह्या पडताळ्यास दहा सेकंद पुरतात. संख्यामालिकांचें तसें नाहीं. तेथें नजर तयार व्हावी लागते. २, ५, ११, २३ ह्यांपुढें काय? दुप्पट करून एक मिळविला कीं ४७. रोज दहा मालिका सोडविल्या तर महिन्याभरांत ही नजर येते.

वाचनाच्या भागांत हुशार माणसेंच अधिक फसतात. उताऱ्यांत जें आहे तेवढ्यावरूनच उत्तर द्यावयाचें असतें. पण विषय ओळखीचा निघाला कीं वाचणारा आपल्या पदरचें ज्ञान त्यांत मिसळतो. ‘बहुधा’ आणि ‘नेहमीं’, ‘किंवा’ आणि ‘आणि’ ह्यांतील भेद त्याच्या डोळ्यांदेखत निसटतो. ह्याला उपाय म्हणजे रोज एखादें रुक्ष पान, यंत्राची माहितीपुस्तिका किंवा विम्याचा करार, सावकाश वाचावें, पुस्तक मिटावें आणि त्यांतील म्हणणें चार वाक्यांत लिहून काढावें. कंटाळवाणें आहे खरें. परंतु उमेदवारी मिळाल्यावर पुढें पांच वर्षें जें वाचावयाचें, तें ह्याहून रंजक असेल असें नाहीं.

निदान आठ आठवडे तरी हातीं असावेत. शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ समोर ठेवून पूर्ण चाचण्या सोडवाव्या, आणि चुकलेलीं उदाहरणें एका वेगळ्या वहींत, कोठें आणि कशी चूक झाली ह्याच्या एका ओळीच्या टिपणासह, उतरून ठेवावीं. गुण तीनवर अडले तरी ती वही टाकूं नये. सहा महिन्यांनीं पुन्हा बसतांना अभ्यासाचा आरंभ त्याच वहीपासून होतो.