हरवूं नये आणि देऊं नये अशी किल्ली



गेल्या पावसाळ्यांतील एका रात्रीं संगणकानें विचारलेल्या एका प्रश्नास मीं 'होय' असें उत्तर दिलें, आणि आमच्या जुन्या शाळेच्या ग्रंथसंग्रहाची यादी अकरा दिवस कुलुपबंद झाली. ही यादी कांहीं माजी विद्यार्थी आणि मी मिळून तयार करतों. ती भाड्यानें घेतलेल्या एका दूरच्या संगणकावर, म्हणजे ज्यास सर्व्हर म्हणतात त्यावर, असते. आणि त्याचें दार उघडणारी किल्ली माझ्यापाशीं होती. ही किल्ली लोखंडाची नव्हे. ती एका फाईलींत लिहिलेली प्रचंड संख्या असते. आपण फोनवरून बँकेचें पान उघडतां तेव्हांहि पडद्यामागें बहुधा याच जातीच्या किल्ल्या काम करीत असतात. म्हणून त्या कशा घडतात व कशा सांभाळाव्या, हें जाणून घेणें अगदींच अस्थानीं होणार नाहीं.

'किल्ली' हा शब्द थोडा फसवा आहे, कारण येथें जोडी असते: एक खाजगी व एक जाहीर. शाळेच्या खात्यासाठीं हेडमास्तरांच्या सहीचा नमुना बँकेंत ठेवतात. सही करणारा हात हेडमास्तरांचा. पडताळण्यासाठीं नमुना बँकेचा. खाजगी किल्ली म्हणजे तो हात, आणि जाहीर किल्ली म्हणजे तो नमुना. फरक एवढाच कीं, कागदावरचा नमुना पाहून एखादा लबाड मनुष्य सही गिरवूं शकतो. जाहीर किल्ली पाहून तसें करतां येत नाहीं. कां येत नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

जाहीर किल्लीची कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनीं १९७६ सालीं मांडली. त्या कामीं विवृत्तीय वक्र वापरावे असें नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनीं १९८५ सालीं, एकमेकांस न विचारतां, सुचविलें. हा वक्र म्हणजे लंबवर्तुळ नव्हे; लंबवर्तुळाच्या कमानीची लांबी काढण्याच्या हिशेबांतून त्यास हें नांव चिकटलें आहे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक; तरीहि याचें लहान उदाहरण मला पाटीवर सोडवितां आलें, तेव्हां आपणांसहि तें येईल. 'वाय'चा वर्ग बरोबर 'एक्स'चा घन, अधिक दोन 'एक्स', अधिक दोन, हें समीकरण घ्या, आणि प्रत्येक उत्तरास १७ नें भागून बाकी तेवढी ठेवा. (५, १) हा बिंदु त्यांत बसतो: १२५ अधिक १० अधिक २ म्हणजे १३७, बाकी १, आणि १ चा वर्ग १. आतां दोन बिंदूंची बेरीज करण्याची रीत अशी: दोहोंतून रेषा काढावी, ती वक्रास जेथें तिसऱ्यांदा छेदील त्या बिंदूचें आडव्या अक्षापलीकडील प्रतिबिंब घ्यावें. बिंदूची स्वतःशींच बेरीज असेल तर स्पर्शरेषा काढावी. या रीतीनें (५, १) ची दुप्पट (६, ३) येते, तिप्पट (१०, ६), चौपट (३, १), आणि पांचपट (९, १६). या उड्यांत कांहीं क्रम दिसतो काय? (७, ६) हा बिंदु कितव्या पटीस येतो, असें मीं विचारलें, तर एकेक पट मोजीत जाण्यावांचून सोपा मार्ग दिसत नाहीं. उत्तर आहे नऊ.

आमच्या पाटीवर मोजून अठरा बिंदु आहेत, म्हणून तें सांपडलें. खऱ्या किल्लींत ही संख्या ७६ अंकी असते. पुढें जाणें तेथेंहि सोपें, कारण दुपटीवर दुपट करीत कांहीं शें पायऱ्यांत वाटेल ती पट गांठतां येते. मागें येण्याची वाट मात्र आजच्या कोणत्याहि संगणकास सांपडलेली नाहीं. ती पट ही खाजगी किल्ली, आणि जेथें पोहोंचलों तो बिंदु ही जाहीर किल्ली.

प्रत्यक्ष किल्ली घडविण्यास टर्मिनल नांवाची साधी खिडकी उघडून आज्ञा टंकावी लागते. आज्ञा रोमन अक्षरांत असते. मी ती उच्चारून सांगतों: 'एसएसएच-कीजेन', मग मोकळी जागा, आडवी रेघ व 'टी', पुन्हां मोकळी जागा, आणि 'ईडी २५५१९' हें सलग. शेवटचें नांव वक्राच्या जातीचें आहे. दोनचा २५५ वा घात वजा १९ ही जी मूळ संख्या, तिच्यावरून तें पडलें. ओपनएसएसएच या कार्यक्रमाच्या २०२३ मधील ९.५ या आवृत्तीपासून जात न सांगितली तरी हीच किल्ली बनते.

हीच जात कां, याची एक गंमतीची हकीकत आहे. जुन्या पद्धतींत प्रत्येक सहीस एक नवी गुप्त संख्या लागते. डिसेंबर २०१० मध्यें बर्लिन येथील एका संमेलनांत कांहीं तरुणांनीं दाखवून दिलें कीं, सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राच्या सह्यांत ती संख्या दरवेळीं तीच वापरलेली होती. मग राहिलें काय? दोन सह्या म्हणजे दोन समीकरणें, आणि अज्ञातें दोनच! आठवीच्या वर्गांत जी वजाबाकी आम्ही शिकवितों, तिनें त्या कंपनीची खाजगी किल्ली बाहेर आली. ईडी २५५१९ मध्यें ती संख्या किल्ली व मजकूर यांवरूनच काढली जाते, त्यामुळें ती खुंटी निघाली.

आज्ञा दिल्यावर दोन फाईली होतात. जिच्या नांवाच्या शेवटीं 'पब' असतें ती जाहीर. ती कोणासहि द्यावी. दुसरी कोणासहि देऊं नये, पत्रानें पाठवूं नये. तिच्यावर 'सीएचमॉड ६००' ही आज्ञा चालवावी, म्हणजे मालकाखेरीज कोणास ती वाचतां येत नाहीं. परवानगी सैल असली तर एसएसएच ती किल्ली वापरण्याचेंच नाकारतो. जाहीर फाईल हरवली तर चिंता नको: 'एसएसएच-कीजेन' पुढें आडवी रेघ व 'वाय' देऊन खाजगी किल्लीवरून ती पुन्हां काढतां येते. उलट दिशेनें कांहींहि निघत नाहीं.

माझी चूक येथेंच झाली. एका विद्यार्थ्यास किल्ली कशी करतात हें दाखवितांना मीं फाईलीस वेगळें नांव न देतां 'एंटर' दाबलें. या नांवाची फाईल आहे, तिच्यावर लिहूं काय, असें संगणकानें सरळ विचारलें. मीं शिकविण्याच्या भरांत 'वाय' दाबलें. जुनी खाजगी किल्ली पुसली गेली, आणि तिची दुसरी प्रत मीं ठेवलेली नव्हती. यादीच्या पानावर पुस्तकें स्वीकारण्याच्या दिवसाची सूचना होती. छप्पर गळूं लागल्यानें तो दिवस रद्द झाला होता, पण सूचना मला बदलतां येईना. त्या दिवशीं एक वृद्ध गृहस्थ भर पावसांत पुस्तकांची पिशवी घेऊन बंद दारापाशीं तासभर उभे होते. सर्व्हर भाड्यानें देणाऱ्यांनीं माझी ओळख पटवून घेऊन अकराव्या दिवशीं दार उघडून दिलें. त्यांची काळजी रास्तच होती.

किल्ली करतांना संगणक एक परवलीचें वाक्य मागतो. तें अवश्य द्यावें, म्हणजे फाईल चोरीस गेली तरी चोरास ती तशीच वापरतां येत नाहीं. वेबसाइटसाठीं ओपनएसएसएलच्या 'ईसीपॅराम' या आज्ञेनें किल्ली करणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, ती आपण होऊन असें कुलूप घालीत नाहीं. हें वाक्य आडवी रेघ व 'पी' देऊन बदलतां येतें. मात्र येथें बरेच जण गफलत करतात. वाक्य बदलल्यानें किल्ली बदलत नाहीं; चोराच्या हातीं गेलेल्या प्रतीस जुनेंच वाक्य लागू राहतें. अशा वेळीं नवी किल्ली करून तिची जाहीर फाईल सर्व्हरवर चढवावी, तिनें दार उघडतें याची खात्री करावी, आणि मगच जुनी ओळ काढून टाकावी. हा क्रम उलटा केला तर आपणच बाहेर राहतों.

सर्व्हरवर 'ऑथराइज्ड-कीज' नांवाची फाईल असते. तिच्यांत एकेका ओळींत एकेक जाहीर किल्ली. किल्ली करतांना आडवी रेघ व 'सी' देऊन नांव व वर्ष लिहिलें, तर कोणती ओळ कोणाची हें पुढें कळतें. आमच्या फाईलींत त्या रात्रीं सात ओळी निघाल्या, पैकीं चार कोणाच्या हें कोणासच सांगतां येईना. त्या काढल्या; माझी मेलेली पांचवीहि काढली. माझ्या नव्या किल्लीच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर आहेत. एक माझ्या कपाटांत, दुसरी धाकट्या बहिणीच्या घरीं. परवलीचें वाक्य एका पाकिटांत आहे, आणि तें तिसऱ्याच ठिकाणीं आहे.