पोलीस आपला की परका?

पोलीस दारात आला की आपल्या पांढरपेशा घरात आधी आवाज खाली येतात. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' म्हणताना आपण ठाण्याची पायरीही मनोमन त्यात धरलेली असते. सगळ्या जगात असेच आहे काय? मुळीच नाही.

1829 साली रॉबर्ट पील यांनी लंडनचे पोलीस दल उभारले, तेव्हा लोकांना लष्कराची आठवण होऊ नये म्हणून शिपायांना लाल नव्हे, निळा डगला दिला आणि हाती दंडुका. आजही इंग्लंडमधले बहुतेक पोलीस बंदुकीवाचून गस्त घालतात. त्याच इंग्रजांनी आयर्लंडात मात्र बराकीत राहणारे सशस्त्र पोलीस ठेवले. तिथे प्रजेला धाकात ठेवायचे होते ना! 1843 साली सिंध जिंकल्यावर नेपियरने तोच नमुना तिथे आणला आणि 1861 च्या पोलीस कायद्यावरही त्याची छाप पडली. आपल्या धास्तीचे मूळ पुष्कळसे तिथे आहे.

परक्या सत्तेची बंदूक कुडाळच्या मुलखाला तर अगदी जवळून ठाऊक आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी बांद्यापलीकडे, पत्रादेवीच्या हद्दीवर, निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या.

जपानची तऱ्हा निराळी. तिथे खेड्यातल्या चौकीला लागूनच पोलिसाचे बिऱ्हाड असते. तो घरोघर जाऊन विचारपूस करतो. तो गस्तीवर असला तर चौकीत आलेल्याचे म्हणणे त्याची बायको ऐकून घेते.

जपानचा हेवा करण्यापूर्वी कुडाळ तालुक्यातल्या एखाद्या गावाकडे पाहावे. महाराष्ट्रात 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील गावचाच रहिवासी असतो. ना गणवेश, ना बंदूक. मिळते ते मानधन. गडग्यावरून किंवा काजूच्या झाडावरून दोन भाऊबंद हमरीतुमरीवर आले, तर दोन्ही घरांची तीन पिढ्यांची हकीकत त्याला पाठ असते. त्याच्या दोन शब्दांनी पुष्कळदा कोर्टाचे हेलपाटे वाचतात.

पण या आपलेपणाला दुसरी बाजूही आहे. गुन्हा सख्ख्या शेजाऱ्याचा असला, तर तो वर कळवायचा कुणी? कायद्याने ते पाटलाचे कर्तव्य. परंतु उद्या त्याच शेजाऱ्याच्या मांडवात त्याला पानावर बसायचे असते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या सुनेला 'घरातले घरात मिटवा' असे सांगितले जाते, तेव्हा गावाचा सलोखा राहतो, पण त्याची किंमत ती एकटी मोजते. तिला परका, कायद्याने बांधलेला पोलीसच हवा असतो.

म्हणून गडग्याचा तंटा गावात मिटावा, मारहाणीचा नव्हे. 112 हा क्रमांक अशा वेळेसाठीच आहे. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. ही गोष्ट यंदाच्या फराळाच्या वेळी घरातल्या लेकीसुनांना आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवावी.