देवावर संपूर्ण मनाने प्रीती करणे म्हणजे काय?



मागच्या महिन्यात आमच्या पातूरच्या शास्त्राभ्यासात कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने मला विचारले, "पाळकसाहेब, देवावर पूर्ण मनाने प्रीती करा, असे आपण दर रविवारी ऐकतो. पण ती करायची कशी? आईवर करतो तशी, की परीक्षेचा अभ्यास करतो तशी?" सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण या प्रश्नाचे चुकीचे उत्तर धरून मी पुष्कळ वर्षे सेवा केली. चूक कशी उमगली ते आज आपल्याला सांगतो. ही साक्ष आहे, पण तिच्यात माझा मोठेपणा काही नाही.

पंचवीस मिनिटे

पातूर हे अकोल्याहून वाशीमकडे जाताना घाटाच्या अलीकडे लागणारे गाव. हरभऱ्याची सोंगणी सुरू झाली की मेळघाटातली कोरकू कुटुंबे मजुरीसाठी वऱ्हाडच्या सपाटीवर उतरतात. त्या वर्षी पाच-सहा कुटुंबे आमच्या घरामागच्या शेतात, धुऱ्यालगत पाले टाकून राहिली होती.

पहाटे पाच ते सहा ही माझी एकांताच्या प्रार्थनेची वेळ. ती मी कधी चुकवत नसे आणि खरे सांगायचे तर त्याचा मला अभिमान होता. जवळ एक वही असे. तिच्यात वारांप्रमाणे प्रार्थनेचे विषय लिहिलेले असत.

एके दिवशी पहाटे, बाहेर अजून अंधार असताना, दार वाजले. उघडले तर एक कोरकू बाई उभी होती. खांद्यावर दोन-अडीच वर्षांचे पोर. "दादा, पोराले पाहा ना," एवढे ती म्हणाली आणि मग "डा, डा" असे काहीतरी पुन्हा पुन्हा बोलत राहिली. मला वाटले, रडते आहे. मी म्हणालो, "बाई, ओट्यावर बसा. प्रार्थना चालू आहे, झाली की येतो." आणि दार लावून घेतले.

वहीत त्या दिवसाचा पहिला विषय होता 'मेळघाटातील आदिवासी बांधव'. मी त्यांच्यासाठी पंचवीस मिनिटे प्रार्थना केली. डोळ्यांत पाणीही आले.

बाहेर आलो तेव्हा पोराचे डोळे खोल गेले होते आणि ओठ कोरडे पडले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. रात्रभर जुलाब आणि उलट्या झाल्या होत्या. मायलेकरांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले. सलाईन लागले. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." आणि पुढचे बोलले नाहीत. देवाच्या कृपेने संध्याकाळी पोराने डोळे उघडले.

त्याच्या बापाला मी सहज विचारले, "डा म्हणजे काय?" तो म्हणाला, "पाणी."

ती माउली माझ्या दारात आपल्या लेकरासाठी पाणी मागत होती आणि मी आत बसून तिच्या समाजासाठी प्रार्थना करीत होतो. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. रात्री घरी आल्यावर मात्र वही उघडायची माझी छाती झाली नाही.

शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टी

त्या दिवसांत मी लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचत होतो. एक शास्त्री येशूला सार्वकालिक जीवनाविषयी विचारतो. नियमशास्त्रात काय लिहिले आहे, असे येशू त्यालाच विचारतो. तेव्हा शास्त्री अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली देवावरच्या प्रीतीची आज्ञा आणि लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा जोडून उत्तर देतो. येशू ते बरोबर ठरवतो आणि मग चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगतो.

त्या गोष्टीत याजक वाटेने खाली चालला होता, असे लिहिले आहे. यरुशलेम उंचावर, यरीहो खोलात. म्हणजे त्याची पाठ मंदिराकडे होती. उपासनेला उशीर होईल, ही सबबही त्याच्यापाशी नव्हती. मी माझ्यापाशी ती सबब बाळगून होतो.

याच गोष्टीला लागून लूकने मार्था आणि मरीया यांची हकिकत दिली आहे. तिथे कामात गुंतलेल्या मार्थेला प्रभू हळुवार समज देतो आणि पायांशी बसून ऐकणाऱ्या मरीयेची बाजू घेतो. एक गोष्ट म्हणते, ऊठ. दुसरी म्हणते, बस. पूर्वी मला हा विरोध वाटायचा. आता वाटते, दोन्ही मिळूनच त्या आज्ञेचा अर्थ पुरा होतो. घरी प्रभू बोलत बसला असेल तर त्याच्यापाशी बसावे आणि वाटेत कुणी जखमी पडला असेल तर त्याच्यापाशी थांबावे. जो संपूर्ण मनाने प्रीती करतो, त्याचे लक्ष स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळापत्रकावर नसते, प्रभूवर असते.

आज्ञेतले शब्द

अनुवादात ही आज्ञा तीन शब्दांत येते: अंतःकरण, जीव, शक्ती. मार्कच्या बाराव्या अध्यायात बुद्धीही येते. यहुदी लोक अनुवादातले हे वचन सकाळ-संध्याकाळ म्हणतात. त्याच उताऱ्यात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना या गोष्टी बोलत राहा, असेही सांगितले आहे. म्हणजे ही आज्ञा आरंभापासूनच रोजच्या जगण्यासाठी होती, फक्त उपासनेच्या तासासाठी नव्हती.

अंतःकरण. इब्री भाषेत अंतःकरण म्हणजे नुसत्या भावनांची जागा नव्हे. माणूस निर्णयही तिथेच घेतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या होत्या. सोवळे-ओवळे त्यांच्या हाडीमासी भिनलेले होते. जात देवाने केली की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशीच विचार केला. जात माणसाने केली, हे एकदा पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खाणेपिणे सुरू केले. बाप्तिस्मा पुढे १९०० मध्ये झाला. 'स्मृतिचित्रे'तला हा भाग प्रत्येक मंडळीत वाचला जावा, असे मला वाटते. अंतःकरण बदलले हे हातातल्या पाण्याच्या पेल्यावरूनही दिसते.

जीव. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई पुण्यात स्थिर झाल्या होत्या. त्यांना घरी बसून प्रार्थना करता आली असती. प्रार्थना त्यांनी केलीच आणि मग उठून दुष्काळी भागात गेल्या. शेकडो मुली आणि विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच उभे राहिले. स्वतः सोसलेली भूक त्यांनी देवाच्या हाती दिली आणि तीच इतरांच्या उपयोगी पडली.

बुद्धी. याच रमाबाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. खेड्यातल्या साध्या बाईला ते समजावे, हा हेतू होता. आपल्या वऱ्हाडातही असे उदाहरण आहे. कोरकू मिशनमधले जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषा नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीची नातलग. ती शिकायची तर कान, चिकाटी आणि नम्रता लागते. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी परदेशातून आलेला एक माणूस हा अभ्यास करून गेला होता आणि मला 'पाणी' हा एक शब्दही ठाऊक नव्हता. बुद्धीने प्रीती न केल्याची किंमत त्या पहाटे एका लेकराने मोजली.

शक्ती. मूळ इब्री शब्दाचा अर्थ 'पुष्कळ', 'अतिशय' असा आहे. जुने यहुदी शिक्षक त्याचा अर्थ आपली मालमत्ता असाही लावत. आपल्याजवळ जे काही पुष्कळ आहे, मग तो पैसा असो, वेळ असो की धडधाकट शरीर, ते सगळे त्यात आले. आपण दर महिन्याला बाजूला काढून पाठवता ती रक्कमही याच शब्दाखाली येते.

माझी दुसरी चूक

त्या घटनेनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, आश्रमशाळेतला प्रवेश, दवाखाना, दिवसभर नुसती धावपळ. पहाटेची प्रार्थना आधी अर्ध्या तासावर आली, मग पाच मिनिटांवर, मग चालता चालता. पोळ्याच्या सुमारास वस्तीतली एक म्हातारी मला म्हणाली, "दादा, तुम्ही कामाचे हा. पण आजकाल तुमच्यापाशी बसावं वाटत नाही."

तिचे खरे होते. मी लोकांवर चिडत होतो. ज्यांच्यासाठी धावत होतो त्यांचेच ओझे वाटू लागले होते. विहिरीला पाझर नसेल तर मोट कितीही ओढली तरी चिखलच वर येतो. देवापाशी बसणे सुटले की शेजाऱ्यावरची प्रीतीही थोड्या दिवसांत आटते, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता प्रार्थना कशी करतो

आता पहाटेची वेळ पुन्हा ठरलेली आहे. सुरुवातीला काही मागत नाही. थोडा वेळ शांत बसतो, मग देव कोण आहे आणि त्याने काय केले आहे ते आठवून त्याचे आभार मानतो. मागणी नंतर.

वही आहे, पण प्रत्येक नावापुढे एक जागा कोरी ठेवतो आणि विचारतो, "प्रभू, यात तुला माझ्याकडून काय हवे?" कधी उत्तर मिळते, "भेटून ये." कधी, "क्षमा माग." पुष्कळदा काहीच सुचत नाही. तेव्हा ते नाव त्याच्या हाती सोडून देतो.

दाराला कडी लावत नाही. कुणी आले तर उठतो. उठताना प्रार्थना मोडली असे आता वाटत नाही.

दिवसा वाटेतही दोन शब्द बोलतो. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे सेवक स्वयंपाकघरात भांडी घासता घासता देवाशी बोलत. आपल्या आज्या जात्यावर दळताना देवाचे नाव घेत, तसेच हे. निंदण करताना, एसटीची वाट पाहताना, चूल पेटवताना हे कुणालाही जमते.

रात्री निजण्याआधी दिवसाचा हिशेब देतो. कुणाला दारात ताटकळत ठेवले का, हा पहिला प्रश्न असतो.

हे सगळे कुणाला आपल्या पंथात ओढण्यासाठी नाही. त्या कोरकू कुटुंबाला मी काही अट घातली नाही आणि घालणारही नाही. गळाला लावलेल्या आमिषाला प्रीती म्हणत नाहीत.

आपल्याला विनंती

हंगामात मजुरीसाठी उतरणाऱ्या आदिवासी कुटुंबांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा. आपल्या गावाच्या शिवारात त्यांची पाले पडली असतील तर एकदा जाऊन भेटा. त्यांच्या भाषेतले दोन शब्द विचारून घ्या. आणि घरात हे माहीत असू द्या: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाब झालेल्या लेकराला हे घोट घोट पाजत राहावे आणि वेळ न दवडता दवाखान्यात न्यावे. चमचा चहाचा घ्यावा.

शास्त्राभ्यासातल्या त्या मुलाला मी हीच हकिकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे पाळकसाहेब, दार उघडं ठेवून प्रार्थना करायची." मी म्हणालो, "हो, पण प्रार्थना करायचीच."

प्रभूची कृपा आपणा सर्वांबरोबर असो. आमेन.