तारखेचं घड्याळ मोडीत घालण्याआधी

जुन्या वाड्यात ओटीच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ तुम्ही पाहिलं असेल. आठवड्यातून एकदा चावी द्यायची, की झालं. त्याच्या तबकडीवर तासांच्या आकड्यांबाहेर १ ते ३१ असे बारीक आकडे आणि एक जादा काटा असेल, तर ते तारखेचं घड्याळ समजा. 'सेथ थॉमस', 'अन्सोनिया' ही त्यांवरची नावं मूळची अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातली.

हा जादा काटा बिचारा भोळा. महिना तिसाचा की एकतिसाचा, त्याला कळत नाही. तीस दिवसांचा महिना संपला की हातानं पुढे सरकवावा लागतो. खरी करामत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावची. हेन्री हॉर्टन यांनी १८६५ मध्ये पेटंट घेतलं आणि १८६८ मध्ये तिथं इथाका कॅलेंडर क्लॉक कंपनी उभी राहिली. या घड्याळाला तबकड्या दोन : वरची वेळेची, खालची तारखेची. खालच्या तबकडीच्या खिडक्यांतून रुळांवर छापलेले वार आणि महिने दिसतात. मध्यरात्रीच्या सुमारास वरचं यंत्र एक तरफ उचलून सोडतं आणि खाली तारीख-वार बदलतात. फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हेही आतल्या चाकांना ठाऊक! गोची फक्त शतकाची. १९०० ला चारानं भाग जातो, पण ते लीप वर्ष नव्हतं. तेव्हा हातानंच दुरुस्ती करावी लागली असणार. २००० साली अडचण नव्हती. पुढची २१०० मध्ये. तोवर चावी देणारं कुणी घरात हवं.

अमेरिकेत घड्याळ जमवणाऱ्यांची संघटना १९४३ पासून आहे, पेनसिल्व्हेनियातल्या कोलंबिया गावी तिचं संग्रहालयही आहे. हे शौकीन लाकडाच्या चकाकीला भुलत नाहीत. पेटीच्या आतला किंवा पाठीमागचा छापील कागद शाबूत आहे का, तबकडी मूळची आहे का, रुळांवरची अक्षरं जागेवर आहेत का, हे आधी पाहतात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. दिवाळीच्या साफसफाईत ओलं फडकं फिरतं, कागद निघून येतो, तबकडीवर नवा रंग चढतो आणि वस्तूची निम्मी किंमत घरच्या घरीच जाते.

तेव्हा दारात जुन्या सामानाचा गिऱ्हाईक आला, तर लगेच भाव ठरवू नका. घड्याळ खाली उतरवा, पाठ पालथी करून कोरड्या हातानं पाहा, कागदावरची अक्षरं वहीत उतरवून घ्या. आणि चावी कुठं ठेवलीय, ते आजीला विचारा.