प्रवाळांची पेटी : संपावाचून

सागरी मत्स्यपेटीतील प्रवाळ आणि रंगीत मासे आपण कौतुकाने पाहतो. पण बहुतेक मोठ्या पेट्यांखालच्या कपाटात आणखी एक टाकी दडलेली असते. वरचे पाणी काठावरून ओसंडून नळीने तिच्यात उतरते आणि पंपाने पुन्हा वर चढते. हिला संप म्हणतात. संपामुळे पाण्याचा एकूण साठा वाढतो, पृष्ठभागावरचा ओशट थर वाहून जातो आणि बाष्पीभवनाने होणारी घट वरच्या पेटीत जाणवत नाही.

मग संप नसेल तर प्रवाळ जगतील काय? जगू शकतात. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली साधी पद्धत प्रसिद्ध केली. तिची भिस्त समुद्रातील सजीवयुक्त दगडांवर आणि हवेच्या बुडबुड्यांवर होती. मात्र संपाची तिन्ही कामे दुसऱ्या मार्गाने व्हावी लागतात.

पहिले बाष्पीभवन. समजा, पेटीत १०० लिटर पाणी असून दर लिटरला ३५ ग्रॅम क्षार आहेत; म्हणजे एकूण ३,५०० ग्रॅम. रोज २ लिटर पाणी उडून गेले, तर पाच दिवसांनी ९० लिटर उरेल. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. म्हणून क्षारता ३,५०० ÷ ९० = सुमारे ३९ ग्रॅम होईल. ही घट समुद्राच्या पाण्याने भरून काढली, तर आणखी ३५० ग्रॅम क्षार पडतील आणि क्षारता ३८.५ ग्रॅम राहील. तेव्हा भर घालायची ती शुद्ध, क्षारहीन पाण्याचीच आणि तीही रोज थोडी थोडी.

दुसरे काम पृष्ठभागाचे. २५° सें. तापमानास एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅमच. त्यात ओशट थर साचला की हवा व पाणी यांतील देवघेव मंदावते. यासाठी लहान पंपाचा झोत पृष्ठभागाकडे वळवून पाणी सतत हलते ठेवतात.

तिसरे काम मलद्रव्यांचे. सच्छिद्र दगडांवरील जीवाणू विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. दगडाच्या आत, जेथे ऑक्सिजन पोचत नाही तेथे, दुसरे जीवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू मुक्त करतात. परंतु साठा लहान असल्याने मासे मोजकेच ठेवावेत आणि काही पाणी नियमितपणे बदलावे.

संप नसण्याचा एक फायदाही आहे. वीज गेली की वरचे पाणी संपात उतरते. तेथे पुरेशी जागा नसेल तर ते जमिनीवर येते. येथे ती भीती नाही. मात्र पाणी हलणे थांबते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवापंप जवळ हवाच.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ मात्र आणू नका. २००१ सालापासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्याऐवजी हा प्रयोग करा. एका पसरट भांड्यात १ लिटर पाणी घेऊन ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. पातळीची खूण करा आणि रोज द्रवघनतामापकाने घनता मोजा. आठवड्यानंतर खुणेपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घाला, नीट ढवळा आणि पुन्हा मोजा. मीठ कोठे गेले नव्हते, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.