नावावरचे तारण

उद्योगपती लोकप्रिय असावा, यात वावगे काहीच नाही. परंतु त्याची लोकप्रियता हीच कंपनीची मालमत्ता ठरू लागली म्हणजे काय होते, याचा दाखला सांताक्रूझकरांना दूर शोधावयास नको. २००५ च्या मे महिन्यात 'किंगफिशर'ची विमाने येथील देशांतर्गत विमानतळावरून उडू लागली. विजय मल्ल्या यांचा थाट पाहून भागधारक भाळले, हे एक वेळ आम्ही समजू शकतो. या विमान कंपनीने एकाही वर्षी नफा दाखविला नाही, पण ताळेबंद वाचतो कोण!

बँकांचे काय? वाचणे हा तर त्यांचा व्यवसाय. त्यांनी 'किंगफिशर' हे नावच तारण म्हणून स्वीकारले. २०११ मध्ये थकलेल्या कर्जाचा काही भाग समभागांत बदलून घेताना, बाजारभाव चाळीस रुपयांच्या आसपास असता, त्यांनी ६४.४८ रुपये मोजले. यांतील बहुतेक बँका सरकारी; म्हणजे पैसा ठेवीदारांचा. हा व्यवहार अनवधानाने झाला, असे आम्हांस म्हणवत नाही. मालक जागेवर आहे तोवरच अशा नावाला भाव असतो, हे कोणा सावकारास सांगावे लागत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने थांबली. मार्च २०१६ मध्ये मल्ल्या देशाबाहेर गेले. पुढच्याच महिन्यात त्या नावाचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा एकही बोली आली नाही. विमानतळानजीकच्या 'किंगफिशर हाउस'चे प्रथम दीडशे कोटी अपेक्षिले होते. अनेक लिलाव फसल्यावर २०२१ मध्ये ते सुमारे ५२ कोटींना गेले.