खेळताना बंद पडणारा संगणक

घरातला संगणक पत्र लिहिताना, हिशेब मांडताना, चित्रपट दाखवताना अगदी शहाण्यासारखा वागतो. मुलाने खेळ सुरू केला की मात्र अर्ध्या तासात बंद पडतो. मग घरात निवाडा ठरलेलाच : "खेळानेच मशीन बिघडवले." मुलाला बोलणी बसतात, खेळ काढून टाकला जातो, आणि पुढे काही दिवस संगणक नीट चालला की निवाडा बरोबर होता असे सर्वांना वाटते. आमच्या मते हा न्याय बहुतेक वेळा उलटा असतो.

पत्र लिहिताना संगणक जवळजवळ बसूनच असतो. नव्या त्रिमिती खेळात मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि वीज पुरवणारी पेटी ही सारी एकाच वेळी जोर लावतात. एरवी शंभर वॅटच्या आत भागणारे यंत्र खेळताना चारशे वॅट किंवा त्याहूनही अधिक वीज ओढू शकते. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कशीही चालते. ऊस भरून चढ चढू लागली म्हणजे आसाची चीर कळते. खेळ बंद केला म्हणून ती चीर सांधली जात नाही. रॅममध्ये दोष असेल तर मुलीचा विद्यापीठाचा प्रबंध किंवा लग्नाची छायाचित्रे कोणतीही सूचना न देता बिघडू शकतात. म्हणून तपासाला हात घालण्यापूर्वी महत्त्वाचे सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे.

पहिला प्रश्न, संगणक बंद पडतो म्हणजे नक्की काय होते? फक्त खेळ मिटतो आणि बाकी सारे चालू राहते, तर आधी खेळाच्या फायली तपासाव्यात व ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्याने बसवावा. निळा पडदा (विंडोज ११ च्या २०२५ नंतरच्या आवृत्तीत तो काळा झाला आहे) आणि त्यावर संदेश दिसला, तर तो संदेश जसाच्या तसा लिहून ठेवावा. दिवा गेल्यासारखे सारे एकदम काळोखात गेले, तर संशय उष्णतेवर आणि विजेवर. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि लोक ती वाचून घाबरतात. तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. कारण ती सांगत नाही.

उष्णतेचे प्रकरण आपल्या मॉरिशस बेटावर विशेष आहे. नोव्हेंबर ते एप्रिल खोलीच गरम, त्यात पेटीतली गरमी मिसळते. किनाऱ्याकडे खारा वारा, क्युरपिप-वाक्वाकडे दमट हवा, आणि धूळ सगळीकडेच. आमच्या घरांतून आणखी एक गोष्ट : संगणकाचे टेबल पुष्कळदा देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या जवळ असते. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ यांचा चिकट थर पंख्यांवर बसतो आणि त्यावर धूळ घट्ट धरते. नुसत्या फुंकरीने ती निघत नाही. संगणक बंद करून, तारेचा प्लग काढून, मऊ कोरड्या कुंचल्याने व दाबाच्या हवेने पंखे साफ करावेत. हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून खराब होतो.

गरमीची परीक्षा फुकट आहे. पेटीची बाजूची फळी काढावी, समोर टेबलाचा पंखा लावावा आणि खेळ चालवून पाहावा. आता संगणक टिकला तर चोर सापडला. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते : भर खेळात ८० अंश सेल्सियसच्या आसपास चालेल, ९० च्या पुढे सतत राहिले तर काळजी करावी. प्रोसेसरचे तापमान तेथे दिसत नाही, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. बहुतेक नवे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वतःच वेग कमी करतात.

आता वीज. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रांचा वेग सेकंदाला ६० वर बांधून पाहावा. तेवढ्याने बंद पडणे थांबले, तर भार कमी झाल्यामुळे ते थांबले असे समजावे. मग गरमी नसेल तर संशय वीज पुरवणाऱ्या पेटीवर जातो. जुनी किंवा स्वस्तातली पेटी अचानक ओढलेला जोर सोसत नाही. आपल्याकडे भिंतीवर तीन पिनांचे इंग्रजी सॉकेट आणि हातात दोन पिनांचा युरोपीय प्लग, ही ओढाताण रोजचीच. संगणक ढिल्या अॅडॉप्टरवर, चार यंत्रे लावलेल्या तारेवर कधीही चालवू नये. अर्थिंग जोडलेले सॉकेट द्यावे. ती वीजपेटी मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतणारा भार उरतो.

रॅमसाठी विंडोजमध्येच तपासणी आहे. 'मेमटेस्ट८६' पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवला तर अधिक चांगले. एकही चूक निघाली तरी ती चूकच. बायॉसमध्ये रॅमचा वेग वाढवणारे 'एक्सएमपी' चालू असेल तर आधी ते बंद करून पाहावे.

यंत्र स्वतःच कधी भलत्यावर बोट दाखवते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर काही खेळ 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असे सांगून मिटत असत, आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. बायॉसची सुधारणा निघाली, हमी २ वर्षांनी वाढवली गेली. पण एकदा झिजलेला प्रोसेसर सुधारणेने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी असा प्रोसेसर आहे त्यांनी खरेदीची पावती शोधून ठेवावी.

एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत लिहावा : तारीख, खेळ, किती मिनिटांनी बंद पडला, पडद्यावर काय होते. हे काम घरातल्या मुलालाच द्यावे. तो आवडीने करील. दुकानात जायची वेळ आलीच तर ती वही बरोबर न्यावी, आणि कारागिराने पाहताक्षणी "नवे ग्राफिक्स कार्ड घ्या" म्हटले, तर आधी दुसरी वीजपेटी जोडून तोच खेळ तासभर चालवून दाखवा, असे त्याला सांगावे.